गोधडीचा घास

मालनआक्का, तुमच्या तेराव्याला मी पानावर बसले आणि दोन घास खाऊन उठले, हे एव्हाना निम्म्या धायरीला कळलं असेल. सुवर्णा मागोमाग आली. "आपा, काय झालं?" मी म्हणाले, "पित्त झालंय." तुमची सून समंजस आहे. तिने पुढे काही विचारलं नाही, डब्यात बुंदी भरून दिली आणि रिक्षापर्यंत सोडायला आली. पित्त वगैरे काही नव्हतं. वाढता वाढता ती एक गोष्ट बोलून गेली होती आणि ती ऐकल्यावर माझ्या घशाखाली काही उतरेना. काय बोलली ते सांगते, पण मला थोडं मागून यावं लागेल. तुम्हाला त्याची सवय आहे. रेहानाला चहा कर म्हटलं तर ती आधी चहाच्या मळ्यात जाती, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरायचात.

आमच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ते दुकान यांचं होतं. भवानी पेठेतलं लेडीज टेलरिंग, दोन मशिनं, आणि काजं-बटणं, फॉल-पिको करायला मी. तुम्ही धायरीहून मंडईत भाजी घेऊन यायचात आणि पाटी रिकामी झाली की शिंप्यांच्या दुकानांतून चिंध्या गोळा करत परत जायचात. चिंध्या नेणारं कुणी आलं की आम्हाला बरंच वाटायचं, कचरा जायचा. पण तुम्ही पायरीवर बसून त्या निवडायला लागलात. सुती एकीकडे, टेरिकॉट एकीकडे. टेरिकॉटचा ढीग तुम्ही आम्हालाच परत केलात. हे म्हणाले, "बाई, फुकटच्या चिंध्यांतही निवड करता?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "फुकट हाय म्हून कायबी अंगावर घ्यायचं व्हय? ह्ये कापड घाम पीत न्हाय."

यांना उलट बोललेलं खपत नसे. पण त्या दिवसापासून आमच्या कात्रीखाली दोन पिशव्या आल्या, एक सुती आणि एक बाकीची. माझ्या नवऱ्याला शिस्त लावणाऱ्या माझ्या पाहण्यातल्या तुम्ही एकट्याच.

तेव्हा गावात तुमच्या हाताला मान होता. ज्याच्या घरी लग्न, त्याच्या घरचा निरोप तुम्हाला महिनाभर आधी. लोक आपापली जुनी लुगडी, धोतरं आणून द्यायचे. खाली एक लुगडं, वर एक लुगडं, मध्ये चिंध्यांचे थर. मग काठापासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. तुमचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असायचा. मी शिंप्याच्या घरातली, बारीक टाक्याचं मला कौतुक नाही. कौतुक याचं की तुम्ही तो गप्पा मारत, कुणाची तरी उणीदुणी काढत, कापडाकडे न बघता घालायचात.

पुढे धायरीतली शेतं प्लॉट झाली आणि प्लॉटच्या बिल्डिंगी झाल्या. तुमच्या मुलानेही जमीन बिल्डरला दिली आणि बदल्यात त्याच जागेवरच्या बिल्डिंगीत दोन फ्लॅट घेतले. फ्लॅटमध्ये केसाळ ब्लँकेटं आली, वाघाच्या आणि गुलाबाच्या चित्रांची, झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून. पाहुण्यांपुढे गोधडी काढायची लोकांना लाज वाटू लागली. तुम्ही चिंध्या न्यायला यायच्या बंद झालात. दोन वर्षं तुमचं तोंड दिसलं नाही तेव्हा, खरं सांगते, मला वाटलं तुम्ही गेलात. तरी यांनी तुमची पिशवी खिळ्याला तशीच लटकत ठेवली होती.

आमचंही काही बरं चाललं नव्हतं. मुली रेडीमेड कुर्ते घालू लागल्या, साड्या लग्नापुरत्या राहिल्या. अशात एक मुलगी ब्लाउज सैल करून घ्यायला आली. कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, दिल्लीकडची. इस्त्रीच्या टेबलावर आम्ही तुमची गोधडी अंथरली होती. माझ्या मुलीच्या बारशाला तुम्ही दिलेली, मधोमध जळकी, चार ठिकाणी विरलेली. त्या मुलीने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आंटी, ये कहां मिलेगा?" मी हसले. आठवड्याने ती परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी पीएमटी पकडून धायरीला आले.

तुमचं शेत होतं तिथे पार्किंग होतं. तुम्ही एका खांबाला टेकून बसला होतात आणि काहीही करत नव्हतात. मी तुम्हाला रिकाम्या हाताने बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आजारी बाई बघावी तसं मला वाटलं. मी म्हणाले, "आक्का, गोधडी शिवायची आहे. विकायला."

"इकायला?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी वात्रटपणा करतेय. "गोधडी कुनी इकत घेतं व्हय? घरात माणसं न्हाईत का त्यांच्या?"

"नाहीत," मी म्हणाले. "म्हणूनच तर विकत घेतात."

तुम्ही खांबाचा टेका सोडून सरळ बसलात आणि म्हणालात, "सुई माझ्याकडं न्हाय आता. आणशील?"

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण मला पुन्हा आठवायला बरं वाटतं. पार्किंगमधल्या दोन स्कूटर वॉचमनला हलवायला लावायच्या, ताडपत्री टाकायची, तिच्यावर गोधडी अंथरायची आणि चारी बाजूंनी बायका बसायच्या. आधी तुम्ही, सुवर्णा आणि तिची चुलत जाऊ. मग शेजारच्या बिल्डिंगीतल्या, ज्यांचीही शेतं गेली होती आणि ज्यांचा दिवस टीव्हीपुढे जात होता. होता होता तुम्ही सोडून अकरा बायका झाल्या. सोसायटीच्या चेअरमनने नोटीस लावली की पार्किंगमध्ये व्यवसाय करू नये. तुम्ही ती नोटीस काढून त्याच्याच घरी घेऊन गेलात आणि म्हणालात, "ह्ये तुजं हाय का? खाली पडलं व्हतं." त्याने पुन्हा लावली नाही.

भांडणंही किती केली आपण. गिऱ्हाईक रंग सांगू लागलं तेव्हाचं भांडण मला अजून पाठ आहे. मी म्हणाले होते, "आक्का, त्यांना बेज पाहिजे."

"ते काय असतंय?"

"मळकट पांढरा."

"मग मळू दे की त्यांचं त्यास्नीच. आपण कशाला मळवून द्यायचा?"

पण शिवलीत. नाक मुरडत शिवलीत आणि इतकी देखणी शिवलीत की ती द्यायला माझं मन होईना. खरं भांडण नव्या कापडाचं. जुनी सुती लुगडी मिळेनाशी झाली. लोक देतात त्या साड्या सगळ्या सिंथेटिक, त्या तुम्ही हातात धरायला तयार नव्हतात. म्हणून मी कारखान्यांतून उरलेलं नवं सुती कापड आणू लागले. तुम्ही म्हणालात, "ह्येला गोधडी म्हणू नगं. नव्या कापडाला माणूस ठाऊक नसतो. कुणाच्या अंगावरनं आलंय ते कळाय पायजे." मी म्हणाले, "आक्का, लोकांना नेमकं तेच नको आहे. दुसऱ्याने वापरलेलं त्यांना चालत नाही." तुम्ही म्हणालात, "मग त्यास्नी चादर दे." हे भांडण मिटलं नाही. प्रत्येक नवा गठ्ठा आला की आपण ते पहिल्यापासून भांडायचो. आता ते कुणाशी भांडू? मला अजूनही माझंच बरोबर वाटतं, हेही सांगून ठेवते. जुन्या लुगड्यांची वाट बघत बसलो असतो तर अकरा बायका घरी गेल्या असत्या.

हे गेले तेव्हाचं तर मी कधी बोललेच नाही तुमच्याशी. आमच्यात नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं. इद्दत म्हणतात. दुकानाला कुलूप लागलं. चुलत-मामेबहिणी आल्या आणि गेल्या. एका मंगळवारी दारात तुम्ही, डोक्यावर एवढं मोठं गाठोडं, तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आलेल्या. म्हणालात, "तुमच्यात भाईर जायाचं न्हाय म्हनं. मग मीच आले." आणि माझ्या पलंगाशेजारी गोधडी अंथरून शिवायला बसलात. एक टोक माझ्या हातात दिलंत. सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीत. दर मंगळवारी आलात, ते चार महिने. मी धावदोरा तेव्हा शिकले. माझ्या आयुष्यात मला रडू न देता सांभाळणारं माणूस तुमच्याखेरीज कुणी भेटलं नाही. तेव्हा आभार मानले असते तर तुम्ही गाठोडं उचलून चालू लागला असता, म्हणून राहून गेलं.

त्यातल्याच एका मंगळवारी तुम्ही म्हणालात, "रेहाना, चतकोर भाकरी हाय का गं?" मला वाटलं भूक लागली. मी उठून गरम चपात्या केल्या, डाळ-भात केला, तुम्हाला आग्रह करून वाढलं. तुम्ही पोटभर जेवलात. मग चपातीचा एक तुकडा पदराच्या टोकाला बांधलात. मला वाटलं, खाली कुत्र्याला घालणार असतील. मी काही विचारलं नाही आणि तुम्हीही काही सांगितलं नाही.

त्याचा उलगडा झाला तो दोन वर्षांनी, आणि फार महागात झाला. बंगळुरूच्या एका दुकानाने आपल्या बारा गोधड्या घेतल्या होत्या. आपली तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. दीड महिन्याने बाराच्या बारा परत आल्या. सोबत चिठ्ठी, मालात किडे आहेत. मी खोका उघडला आणि खरंच, प्रत्येक गोधडीच्या मधोमध बारीक भोकं पडलेली, आणि त्यांतून सोंडे निघत होते. मला वाटलं कापडच सडकं आलं. मी ब्लेड घेऊन मधलं ठिगळ उसवलं. प्रत्येक गोधडीच्या बरोबर मध्यावर तुम्ही चार बोटांचं एक ठिगळ लावायचात. मी ते नक्षी म्हणून गिऱ्हाइकांना दाखवत असे. त्या ठिगळाखाली भाकरीचा नखाएवढा तुकडा होता. बारा गोधड्या, बारा तुकडे.

मी तशीच रिक्षा करून धायरीला आले. गोधडी तुमच्यापुढे टाकली. "आक्का, हे काय आहे?"

तुम्ही बघितलंत आणि शांतपणे म्हणालात, "घास हाय तो."

"कसला घास?"

"गोधडीचा." आता आश्चर्य वाटायची पाळी तुमची होती. "तुला ठाऊक न्हाय व्हय? एवढी वर्सं माझ्याबरूबर बसतीस आन् ठाऊक न्हाय?"

तुम्हाला वाटलं होतं हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. गोधडी म्हटली की घास आलाच. गोधडी शिवून झाली की तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घालून वर ठिगळ मारायचं, तुमच्या आईने तसं केलं, तिच्या सासूने तसं केलं. गोधडी उपाशी ठेवली तर अंगावर घेणाऱ्याला झोप लागत नाही. पूर्वी गोधडी रोज वापरात असायची, उन्हात पडायची, धुतली जायची. तो तुकडा कधी विरून जायचा कुणाला कळायचंही नाही. आपल्या गोधड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून महिनोन् महिने गोदामात पडणार, हे तुमच्या आईला कुठे माहीत होतं? तुम्हालाही नव्हतं. आणि मी, जिला गोदाम माहीत होतं, तिला घास माहीत नव्हता.

मी म्हणाले, "यापुढे घालायचा नाही."

"मग शिवत न्हाय."

मी नाना उपाय सुचवले. तांदळाचा दाणा घाला म्हणाले, मग माझं मलाच कळलं की सोंड्यांना तेवढंच पाहिजे असतं. शेवटी म्हणाले, "कापडाची भाकरी करून घाला. पांढऱ्या कापडाचा गोल तुकडा. दिसायलाही छान दिसेल."

तुम्ही सुई थांबवून माझ्याकडे बघितलंत. "तू ईदला कापडाच्या शेवया खातीस का?"

सगळ्या बायका हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. परत आलेला माल मी एकटी उन्हात घालत होते, फोनवर माफ्या मी मागत होते. तशी ऑर्डर आणखी एकदा परत आली असती तर दुकान बंद, आणि दुकान बंद तर पार्किंगमधली ताडपत्रीही गुंडाळावी लागली असती. अकरा जणींत दोन अशा होत्या की त्यांच्या घरी दुसरं कुणी कमावतं नव्हतं. हे सगळं मी तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. एकदा नाही, दहादा. बेजचं जमलं, नव्या कापडाचं कसंबसं जमलं, हेही कदाचित जमलं असतं. पण मी थकले होते आणि मला चटकन सुटका हवी होती. मी म्हणाले, "ठीक आहे आक्का, तुमचंच खरं. घाला घास."

तुम्ही खूश झालात. आणि त्यानंतर सात वर्षं, तुमच्याकडून आलेली प्रत्येक गोधडी मी दुकानाच्या आतल्या खोलीत नेऊन, दार लावून, मधलं ठिगळ उसवत होते. तुकडा काढायचा, ठिगळ परत जसंच्या तसं बसवायचं. टाका तुमच्यासारखा यावा म्हणून मी धडपडायचे. तुम्हीच शिकवलेला धावदोरा होता, दुसरा कुठला वापरणार? काढलेले तुकडे मी कचऱ्यात कधी टाकले नाहीत. अन्न पायदळी जाऊ द्यायचं नाही असं आमची अम्मी म्हणायची. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, कबुतरं खायची. एवढ्यावर मी स्वतःला बरी बाई समजत होते.

एवढ्या खोटेपणाचा मला त्रास होत नव्हता असं नाही. पण हळूहळू सवय झाली. तुम्ही कधी कौतुकाने म्हणायचात, "बग, आता एकबी तक्रार न्हाय. मी म्हनलं नव्हतं?" तेव्हा मी खाली बघून सुईत दोरा ओवायला घेत असे.

आणि मग ठिगळं सैल यायला लागली. बाकी गोधडीचा टाका तसाच दाण्याएवढा, पण मधलं ठिगळ बोटभर लांबीच्या टाक्यांनी कसंतरी अडकवलेलं. मला वाटलं, आक्कांची नजर गेली. मी तुम्हाला बोललेसुद्धा, "आक्का, मोतीबिंदू झालाय तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "झाला असंल बाई." मी तुमच्या मुलाला फोन केला, त्याला वेळ नव्हता, तर मीच तुम्हाला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डोळ्यांत थेंब घालून दोन तास बसवून ठेवलं तुम्हाला. एरवी पाच मिनिटं स्वस्थ न बसणाऱ्या तुम्ही, निमूट बसलात. डॉक्टरांनी तपासलं आणि मला म्हणाले, "या वयात एवढे चांगले डोळे मी पाहिले नाहीत. यांना कुणी आणलं इथे?" मी डॉक्टरांशी वाद घातला. टाके लांब पडतायत म्हणाले. ते म्हणाले, मग ते टाक्यांच्या डॉक्टरला दाखवा. येताना रिक्षात तुम्ही स्वारगेट येईपर्यंत हसत होतात. मला राग आला. "एवढं हसायला काय झालं?" तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "काय न्हाय गं. औषदानं पाणी येतंय."

आक्का, तेराव्याला सुवर्णा पानात भाजी वाढत होती. माझा उजवा अंगठा तिने बघितला. कात्री धरून धरून तो वाकत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. ती म्हणाली, "आपा, अंगठ्याला औषध करा काहीतरी. आत्याबाई सारख्या म्हणायच्या, रेहानाचा अंगठा दुखतो, उसवताना तरास होतो तिला. म्हणून तर त्या घासाचं ठिगळ सैल टाकायच्या."

मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मला माहीत आहे. तिने सहज सांगितलं, जसं तुम्ही मला घासाचं सांगितलं होतं. मी कसंबसं विचारलं, त्यांना कधी कळलं? ती म्हणाली, "तुम्हीच एक गोधडी दुरुस्तीला पाठवली होती की, काठ विरलेली. आत्याबाईंनी मधलं ठिगळ बघितलं आणि म्हणाल्या, हा माझा टाका न्हाय, रेहानाचा हाय. माझ्याकडनंच शिकली पर डावीकडं वडती."

म्हणजे माझा धावदोरा डावीकडे ओढला जातो. तुम्ही एवढी वर्षं ते सांगितलंही नाहीत.

त्यावर तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं. सुवर्णा म्हणाली, तुम्ही दिवसभर शिवायला बसला नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणालात, "तिला तिचं दुकान चालवायचंय. घालणं माझ्याकडं, काढणं तिच्याकडं. कुनी तिला बोलायचं न्हाय." आणि कुणी बोललं नाही. अकरा जणी होत्या, आक्का. पार्किंगमध्ये बसून जगातलं काही पोटात न ठेवणाऱ्या अकरा जणी. त्यांतली एकही मला काही बोलली नाही.

म्हणून मी उठले. तुम्हाला वाटेल मला पश्चात्ताप झाला. तो झालाच, पण आधी तुमचा राग आला. तो मी लपवणार नाही, लपवालपवी बास झाली. तुम्ही मला एकदा झापायला हवं होतंत. गोधडी माझ्यापुढे टाकून विचारायचं होतंत, रेहाना, हे काय आहे? मी तसंच विचारलं होतं ना तुम्हाला? मी रडले असते, तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या, आपण काहीतरी तोड काढली असती. त्याऐवजी तुम्ही ठिगळ सैल केलंत. माझ्या अंगठ्यासाठी. आणि डोळ्यांत थेंब घालून घेतलेत. हे वाचून तुम्ही हसत असाल तर हसा, पण मी तुमच्यावर रागावलेली आहे आणि मला तुमची इतकी आठवण येते की दुकानाचं शटर उघडावंसं वाटत नाही.

घरी आल्यावर मी सगळं कपाट उपसलं. तुमच्या हातची एक तरी गोधडी सापडेल, घास न काढलेली. बारशाची ती केव्हाच विरून गेली. पुढच्या सगळ्या मी विकल्या. चांगल्या झालेल्या स्वतःला ठेवाव्यात असं वाटायचं, पण प्रत्येक वेळी कुणीतरी मागायचं आणि मी पुढची ठेवू म्हणायचे. तुमच्या अंगावरची तुमच्याबरोबर गेली. देशात कुठे कुठे लोक तुमच्या गोधड्या घेऊन झोपलेत आणि त्यांतल्या सात वर्षांच्या सगळ्या मी रिकाम्या करून पाठवलेल्या.

एक ऑर्डर तुम्ही असतानाच घेतलेली होती, पंचवीस गोधड्यांची. तुम्ही आजारी पडलात तोवर निम्म्या आल्या होत्या, त्यांचे घास मी नेहमीसारखे काढून ठेवले होते; निम्म्या बाकी होत्या. तेराव्यानंतर बायका परत बसल्या. मी सुवर्णाला फोन करून म्हणाले होते की घाई नाही. ती म्हणाली, "आपा, घरी बसून तरी काय करू? तिथं बसलं की त्या असल्यासारख्या वाटतात." काल संध्याकाळी तिने टेम्पोतून माल पाठवला.

मी दार लावून आत बसले. या खेपेला काही काढायचं नाही असं मी ठरवलं होतं. जे होईल ते होवो, माल परत येवो, मी त्या लोकांना खरं काय ते लिहून कळवीन, वर्षातून दोनदा उन्हात घाला म्हणून सांगीन, ज्यांना नको असेल ते घेणार नाहीत. चिठ्ठीही लिहून ठेवली होती, प्रत्येक गोधडीत एक घालायला. फक्त एकदा हाताला घास लागावा म्हणून मी पहिल्या गोधडीच्या ठिगळावरून बोट फिरवलं. सपाट होतं. दुसरी उलगडली, तीही सपाट. ठिगळं सगळी जागच्या जागी, छान बारीक टाक्यांनी घट्ट बसवलेली. नंतर कळलं, या काही तुमच्या आजारपणातल्या आणि काही नंतरच्या, घालणारं कुणीच नव्हतं.

मी सुवर्णाला फोन लावला. "सुवर्णा, घास?"

"नाही घातला आपा." तिचा आवाज अगदी प्रेमाचा होता. "आता कशाला? त्या होत्या तोवर त्यांच्या मनासाठी आम्ही बघत होतो. तुमचा अंगठा तेवढाच वाचेल."

तिने माझ्या भल्यासाठी केलं होतं. तिला काय सांगू? सात वर्षं दार लावून काढत होते ती मी, आणि आज घाल म्हणणारीही मीच? मी लिहिलेल्या चिठ्ठ्या टेबलावर तशाच होत्या. मी म्हणाले, "बरं केलंस."

आज सकाळी कुरियरवाला येऊन खोके घेऊन गेला. पंचवीसच्या पंचवीस उपाशी गेल्या, आक्का.